छोट्या बाथरूमचा दरवाजा आत उघडावा की बाहेर?

मुंबईतल्या वन आरके, वन बीएचके घरांत बाथरूम बहुतेक वेळा साडेतीन-चार फूट रुंदीतच संपतं. घराचं काम काढलं की टाइल्सचा रंग, नळ, गीझर यांवर घरात तासन्‌तास चर्चा होते. दरवाजा मात्र सुतार जसा लावेल तसा लागतो. रोज सगळ्यांचा हात लागतो ती ही वस्तू, म्हणून निदान एक संध्याकाळ तिच्यासाठी काढाच.

माझं मत आधीच सांगते: बाहेर जागा असेल तर छोट्या बाथरूमचा दरवाजा बाहेरच उघडावा. त्यातही घरात आजी-आजोबा असतील, कुणाला चक्कर येण्याचा किंवा बीपीचा त्रास असेल, तर जागा करून का होईना, बाहेरच. साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला तर चार फुटांत माणूस दाराला टेकूनच पडतो. दरवाजा आत उघडणारा असेल, तर बाहेरचे लोक जितका जोर लावतील तितका तो पडलेल्या माणसाच्याच अंगावर दाबला जातो. बाहेर उघडणारा पल्ला कडी निघताक्षणी ओढून मोकळा करता येतो.

जागेचा हिशोब त्यानंतर. दोन फुटी पल्ला आत उघडताना तीन चौरस फुटांहून थोडी जास्त जागा घेतो, अडीच फुटी पल्ला जवळपास पाच. चार बाय चारच्या बाथरूमची एकूण जमीनच सोळा चौरस फूट. म्हणजे अडीच फुटी पल्ल्याने जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ला.

आधी जमिनीवर आखून बघा

खडू, सुतळी आणि टेप घ्या. बिजागरी जिथे येणार तिथे एकाने सुतळीचं टोक धरायचं, दुसऱ्याने पल्ल्याच्या रुंदीइतक्या सुतळीला खडू बांधून पाव वर्तुळ काढायचं. आधी बाथरूमच्या आत, मग बाहेर पॅसेजमध्ये. आता आतल्या वर्तुळाबाहेर बादली, स्टूल आणि कमोड बसतात का ते बघा. घरातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाला आत उभं करा. दार लावायला त्याला कमोडला खेटून उभं राहावं लागत असेल, तर आतल्या दरवाजाचा विचार सोडा.

बाहेरच्या वर्तुळात काय काय येतं? स्वयंपाकघराचं दार, वॉशिंग मशीन, फ्रिजचा उघडा दरवाजा, चपलांचं कपाट. सकाळच्या घाईत एक जण डबा घेऊन निघालाय आणि दुसऱ्याने आतून दार ढकललं, असं होऊ शकतं का, हे तिथे उभं राहूनच कळतं.

अरुंद पॅसेजवरचा उपाय

पॅसेज तीन फुटी असला की लोक लगेच म्हणतात, बाहेर नको, रस्ता अडेल. पल्ला काटकोनातच थांबला तर अडेल, हे खरं. पण तो पूर्ण वळून पॅसेजच्या भिंतीला चिकटला तर रस्ता मोकळा राहतो. त्यासाठी बिजागरीच्या बाजूला पल्ल्याएवढी भिंत रिकामी हवी, त्यावर स्विचबोर्ड नको आणि चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेशी बसवलेली हवी. चौकट भिंतीच्या जाडीत आत गेली असेल तर पल्ला भिंतीच्या कोपऱ्याला अडतो आणि काटकोनाच्या फारसा पुढे जात नाही. गवंडी चौकट बसवायला येईल त्या दिवशी घरी थांबा. सिमेंट सुकल्यावर हे बदलत नाही.

बाथरूमचा लाइट कडीच्या बाजूला असावा, म्हणजे दार उघडल्यावर बटण पल्ल्यामागे लपत नाही.

जुनी चौकट ठेवायची असेल तर

ग्रॅनाइटच्या चौकटीत पल्ला टेकण्यासाठी खाच असते. ती आतल्या बाजूला असेल तर पल्ला आतच उघडणार. नुसत्या बिजागऱ्या फिरवून तो बाहेरचा होत नाही. चौकट बदलावी लागते किंवा बाहेरून वेगळी पट्टी लावावी लागते. चौकट काढताना उंबऱ्यापाशी वॉटरप्रूफिंग दुखावतं, ते त्याच वेळी पुन्हा करून घ्या. नाहीतर खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरचा ओल्याचा डाग दाखवायला वर येतील.

जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स बसवणार असाल, तर जमीन वर येते आणि आत उघडणारा पल्ला घासू लागतो. पल्ल्याचं माप टाइल्स झाल्यावरच द्या.

सरकता आणि फोल्डिंग

भिंतीवरून सरकणारा दरवाजा वॉकर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्यांना सोयीचा, कारण मागे सरकून जागा द्यावी लागत नाही. पण त्यालाही शेजारी पल्ल्याहून दोन-तीन इंच जास्त मोकळी भिंत लागते. शिवाय फटी राहतात, त्यामुळे वास आणि आवाज बाहेर येतो. एकाच खोलीच्या घरात याचा संकोच वाटतो. भिंतीच्या पोटात शिरणारा पल्ला छान दिसतो, पण आरसीसी भिंत, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटची भिंत, त्यासाठी फोडायची नसते.

पीव्हीसीचा फोल्डिंग दरवाजा स्वस्त आहे, पण तो फक्त नाइलाज असेल तेव्हाच. त्याच्या पट्टीत साबणाचा थर साचतो आणि घड्या काही काळाने सैल होतात.

बाहेर उघडणाऱ्या दाराचं पाणी

आंघोळीनंतर पल्ल्याच्या आतल्या अंगावरचं पाणी पॅसेजमध्ये ठिबकतं, ही तक्रार खरी आहे. शॉवर दारापासून लांबच्या भिंतीवर घ्या, उंबरा ठेवा आणि बाहेर पातळ पायपुसणं टाका. जाड पायपुसणं पल्ल्याखाली अडकतं. पल्ल्याखाली अर्धा ते पाऊण इंच फट सोडा. एक्झॉस्ट फॅनला हवा तिथूनच मिळते, नाहीतर पावसाळ्यात बाथरूम वाळतच नाही. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागीच बसवा. त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दाराखालची फट त्यावर पुरेशी नाही.

पल्ला पीव्हीसी, एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) किंवा डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) घ्या. साधा प्लायचा पल्ला खालून कुजतो. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

शेवटी कडी. आतून टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची साधी कडी, लावला की बाहेर उघडणारं दारही बाहेरून उघडता येत नाही आणि सगळा फायदा गेला. बाहेरच्या बाजूला नाण्याने फिरवता येणारी खाच असलेलं बाथरूम लॉक मिळतं, ते लावा. बसवून झाल्यावर सुताराचे पैसे देण्याआधी एकाला आत कोंडून बाहेरून ते उघडून बघा. घरातल्या मुलांनाही तेव्हाच शिकवा.