मॅचसाठी परदेशी झेंडा छापताय? ऑर्डर द्यायच्या आधी एवढं तपासा

फुटबॉलचा वर्ल्डकप असो नाहीतर युरो, स्क्रीन लावून मॅच बघायचं ठरलं की आपल्या साताऱ्यातली पोरं आधी झेंडा छापायला पळतात. मी फ्लेक्स आणि कापडी झेंड्यांचं डिझाईन करतो, त्यामुळं ही गडबड रोज जवळनं बघतो, मोबाईलवर एक इमेज दाखवायची, "दादा तीन बाय पाच, सॅटिनवर, संध्याकाळपर्यंत पायजे" म्हणायचं आणि विषय संपला. त्या इमेजमध्ये नेमकं काय आहे ते कोणी नीट बघतच नाही. आणि काही झेंडे असे आहेत की त्यांच्याखाली माणसं मारली गेलीत, गुलाम केली गेलीत.

पहिलं काम, गुगलवर सर्च मारून जी इमेज आधी येईल ती उचलायची नाही. त्या देशाच्या सरकारी साईटवरनं किंवा त्यांच्या फुटबॉल संघटनेच्या साईटवरनं आजचा झेंडा घ्या आणि तुमची इमेज शेजारी ठेवून झूम करून बघा. एक पोरगा स्पेनचा झेंडा घेऊन आला होता, लाल पिवळा लाल, लांबनं एकदम बरोबर. मोठं करून बघितलं तर ढालीच्या मागं काळा गरुड पंख पसरून बसलेला. तो गरुड म्हणजे फ्रँकोच्या हुकूमशाहीच्या काळातला. फ्रँको 1975 ला गेला आणि 1981 ला स्पेननं झेंड्यावरचं चिन्ह बदललं, आता ढालीच्या दोन्ही बाजूला खांब असतात, वर मुकुट असतो, गरुड नसतो. तिथल्या स्टेडियममध्ये आज तो गरुडवाला झेंडा कट्टर उजवेच घेऊन येतात. पोराला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याला फक्त टीम आवडत होती, सांगितल्यावर लगेच म्हणाला बदला.

क्रोएशियाचं त्याहून बारीक आहे. त्यांच्या मॉड्रिच या खेळाडूमुळं आपल्याकडं त्यांचे फॅन बरेच झालेत. त्यांच्या झेंड्यावरच्या लाल-पांढऱ्या चौकटीचा डावीकडचा वरचा पहिला चौकोन लाल पाहिजे. 1941 ते 45 मध्ये नाझींच्या जीवावर जी उस्ताशा राजवट चालली तिच्या झेंड्यावर पहिला चौकोन पांढरा होता आणि कोपऱ्यात यू अक्षर. त्यांच्या यासेनोवात्स नावाच्या छावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल झाली. चौकट तशी शेकडो वर्षं जुनी आहे, पांढऱ्यापासून सुरू होणारी प्रत्येक चौकट उस्ताशांचीच असं नाही, पण यू दिसला तर मग शंकाच नको, ती फाईल डिलीट करा.

आता असे झेंडे, जे पूर्णच टाळायचे. अमेरिकेतला लाल कापडावर निळी तिरकी फुली आणि तेरा पांढऱ्या चांदण्यांवाला. पोरं त्याला बंडखोर, स्टायलिश म्हणून स्टिकरसाठी मागतात. तो 1861 ते 65 च्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेच्या फौजांचा झेंडा. मिसिसिपी युनिव्हर्सिटीच्या मॅचला प्रेक्षक तो ढिगानं आणायचे, शेवटी 1997 ला स्टेडियममध्ये काठ्या आणायलाच बंदी केली, काठी नाही तर झेंडा फडकवणार कसा. नॅसकारच्या गाड्यांच्या रेसमध्ये तर तो थेट बंद व्हायला जून 2020 उजाडावं लागलं. तसंच दक्षिण आफ्रिकेचा जुना झेंडा, केशरी पांढरा निळा, मध्ये तीन छोटे झेंडे, 1928 ते 1994 चा. वर्णभेदाचा सगळा काळ त्याच्याखाली गेला, आणि 2019 ला तिथल्या कोर्टानं सांगितलं की उगाच तो फडकवणं म्हणजे द्वेष पसरवणं.

जपानचा किरणांचा झेंडा पण यातच येतो. हा टीशर्टवर सगळीकडं दिसतो म्हणून लोकांना साधा वाटतो, आणि जपानचं नौदल आजही वापरतं हेही खरं. पण 1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि जपानी फौजा हाच झेंडा घेऊन आशियाभर फिरल्या. 2017 ला दक्षिण कोरियात सुवॉनला मॅच होती तिथं जपानच्या कावासाकी फ्रंटाले क्लबच्या फॅन्सनी तो लावला, आशियाई फुटबॉल संघटनेनं क्लबला 15,000 डॉलर दंड केला. जपानला सपोर्ट करायचाय ना, मग पांढऱ्यावर लाल गोल छापा, त्याला कोणाची हरकत नाही.

इथं ग्रुपमधला एकजण हमखास म्हणतो, आपला तसा हेतू नाही ना, मग काय झालं. त्याला आपल्या जिल्ह्यातलं वडूज आठवायला सांगा. 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन कचेरीवर निघालेल्या मोर्चावर इंग्रज राजवटीच्या पोलिसांनी गोळीबार केला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतची माणसं तिथं गेली. युनियन जॅक आजही ब्रिटनचा अधिकृत झेंडा आहे, मॅचला तो कोणी घेतला तर काही बिघडत नाही, पण त्याच 9 सप्टेंबरला हुतात्म्यांच्या स्मारकासमोर कोणी तो नाचवला आणि वर म्हणाला माझा हेतू नव्हता, तर तुम्ही ऐकून घ्याल का? सुवॉनच्या माणसाला तसंच वाटलं. त्यामुळं झेंडा कसाय हे ठरवताना आपल्या मनात काय आहे ते बाजूला ठेवा, ज्यांनी सोसलंय त्यांना काय दिसतं ते विचारा.

उगाच सगळ्यावर संशय पण घेऊ नका. जर्मनीच्या सेंट पाऊली क्लबचा कवटी आणि हाडांचा झेंडा नाझींचा नाही, उलट ते फॅन्स नाझीविरोधी म्हणूनच ओळखले जातात. हिटलरच्या एसएस दलाची कवटी वेगळी होती. आपलं दारावरचं, वहीपूजनाचं स्वस्तिक तर आपलंच आहे, त्याबद्दल कोणाची माफी मागायची गरज नाही. पण लाल कापड, पांढरा गोल आणि त्यात काळं तिरकं चिन्ह अशी मांडणी झाली की तो हिटलरचाच झेंडा. जर्मनीत तो फडकवणं कायद्यानं गुन्हा आहे. तिकडं शिकायला गेलेल्या भावाबहिणींना हे आवर्जून सांगा. आणि आपल्याकडं चालतं असंही समजू नका, 2006 ला खारघरमध्ये हिटलरच्या नावानं रेस्टॉरंट काढलं होतं, ज्यू लोकांनी आक्षेप घेतल्यावर नाव बदलायला लागलं.

ग्रुपमधल्या कोणी असा झेंडा आणलाच तर चारचौघात त्याला झापू नका, त्यानं तो हट्टाला पेटतो. बाजूला घेऊन मोबाईलवर दोन्ही फोटो दाखवा, हा आजचा, हा तेव्हाचा, बहुतेकजण स्वतःच उतरवतात. माहीत असून मुद्दाम आणलेला असेल तर मात्र सरळ सांगा, स्क्रीनसमोर हा लागणार नाही, आणि स्टेटसवरचे फोटो पण काढायला लावा.

जाता जाता आपल्या तिरंग्याचं. त्यावर "सातारा" किंवा ग्रुपचं नाव छापून मागतात, मी देत नाही. झेंड्यावर काहीही लिहायला ध्वजसंहितेत बंदी आहे. नाव पाहिजे तर वेगळी पट्टी करा, खाली लावा.

छापायच्या आधी व्हॉट्सॲपवर प्रूफ मागा, पूर्ण साईजचं, आणि मधलं चिन्ह झूम करून बघितल्याशिवाय ओके म्हणू नका. एकदा कापड मशीनवर चढलं की कोणताच दुकानदार पैसे परत देत नाही.