आधी मिथेन मोजा, सौर पॅनेल नंतर

कोळशाच्या खाणीत हवा खेळती ठेवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगतो: खाणीमुळे हवामानाला होणारा त्रास कमी करायचा तर सौर पॅनेलचे फोटो नंतर काढा, आधी कोळशाच्या थरातून सुटणारा मिथेन वायू मोजा. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. कोळसा काढण्याआधीच थरात भोकं पाडून तो ओढून घ्या, जाळून वीज करा. खाणीच्या पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत तो बहुधा १ टक्क्याहून कमी. साध्या ज्योतीने पेटत नाही, तापवलेली ऑक्सिडेशन भट्टी लागते, म्हणजे ज्योतीशिवाय, नुसत्या उष्णतेने मिथेन जाळणारी. ५ ते १५ टक्के मिश्रण मात्र स्फोटक, तिथे घाई नको.

मग डंपर. उभ्या गाडीचं इंजिन उगाच घुरघुरत ठेवू नका. खाणीच्या उत्सर्जनाच्या अहवालात, विकलेला कोळसा गिऱ्हाइकाने जाळल्यावर होणारा धूरही मांडा. सगळ्यात मोठा आकडा तोच, आणि गाळायचा मोहही त्याचाच.