गावच्या विकीची सुधारणा कशी आखावी: आधी मदतपान, मग बदल

कोकणपट्टीवर माहिती जपणारी माणसं गावोगाव आहेत. कुणी सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) कातळशिल्पांचे फोटो काढून ठेवलेत, कुणी रापणीचे (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीचे) शब्द वहीत उतरवलेत, कुणी वाड्यांची आणि पाणंदींची नावं म्हाताऱ्यांकडून विचारून घेतली आहेत. अशी चार माणसं एकत्र आली की विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचं आणि सुधारायचं संकेतस्थळ, सुरू होतो आणि सुरुवातीचे महिने भराभर पानं वाढतात. मग तक्रारी साचू लागतात. फोटो चढत नाही, शोधलेलं सापडत नाही, नकाशा हवा, मोबाइलवर संपादनाचं बटण दिसत नाही. सॉफ्टवेअर सांभाळणारं माणूस बहुतेक एकच असतं. ते सवड मिळेल तसं काहीतरी दुरुस्त करतं आणि नेमकं काय बदललं हे बाकीच्यांना कळतच नाही.

ही साचलेली यादी हाताळायची कशी, ते इथे पायरीपायरीने सांगते. उदाहरणं मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची घेतली आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच सॉफ्टवेअरवर चालतो, त्यामुळे चावडी (सगळ्यांच्या चर्चेचं पान), धूळपाटी (सरावाची जागा), साचा (अनेक पानांत वापरता येणारा तयार मजकूर), वर्ग (एका विषयाच्या पानांचा गट) हे शब्द बऱ्याच जणांच्या ओळखीचे असतात. तुमचा विकी डोकूविकीवर असेल, म्हणजे डेटाबेसशिवाय साध्या मजकुराच्या फायलींवर चालत असेल, तरी पद्धत हीच.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कुठलाही बदल करायच्या आधी त्याचं मदतपान, म्हणजे तो कसा वापरायचा हे सांगणारं पान, लिहा. ते पान सोप्या मराठीत लिहिता येत नसेल, तर बदलाचा विचारच अजून पुरता झालेला नाही असं समजा.

पायरी १: लिहिणाऱ्याच्या शेजारी बसा

बैठक बोलावून ‘काय काय हवं?’ असं विचारू नका. तिथे बोलतात ते आधीपासून संगणक वापरणारे. ज्यांच्याकडे माहिती आहे ते गप्प बसतात. त्याऐवजी एखाद्या मच्छीमार दादांकडे किंवा अंगणवाडीताईंकडे जा आणि त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच रेंजमध्ये, त्यांना एक पान लिहायला सांगा. तुम्ही फक्त वहीत टिपा: कुठे बोट थांबलं, कुठला शब्द वाचून ते गोंधळले, काय दाबल्यावर लिहिलेलं गेलं. मध्ये मदत करायचा मोह आवरा. मदत केलीत की अडचण दिसायची थांबते.

त्यानंतर विकीवरच काय दिसतं ते बघा. ‘अलीकडील बदल’ चाळले की कोण लिहितंय आणि कुणाचं लिखाण परतवलं जातंय ते कळतं. लाल दुवे, म्हणजे अजून न लिहिलेल्या पानांचे दुवे, मोजले की लोकांना कुठली पानं हवी आहेत ते कळतं. आवृत्तीच्या पानावर सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेले सगळे विस्तार (जादा सोयी देणारे जोडभाग) दिसतात. ती यादी उतरवून घ्या. नंतर सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती हीच यादी.

पायरी २: एका मागणीला एक पान

मागण्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात राहिल्या तर वाहून जातात. विकीवरच प्रत्येक मागणीचं वेगळं पान करा आणि त्यात इतकं तरी लिहा: कुणाला अडचण येते, काय करताना येते, सध्या ते कसं भागवतात आणि सुटली हे कसं ओळखायचं. उपाय इथे लिहू नका. ‘शोधयंत्र बदला’ ही मागणी होत नाही, तो कुणीतरी घाईने काढलेला निष्कर्ष असतो.

याच शोधाचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. ‘खाऱ्या पाण्यातली मासळी’ या नावाचं पान विकीवर आहे, तरी एकाला ते सापडतं आणि दुसऱ्याला नाही. पडद्यावर दोघांनी लिहिलेली अक्षरं हुबेहूब सारखी दिसतात. फरक असतो तो ‘ऱ्या’मध्ये. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. काही कळफलक त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. ‘किनाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्याची दिशा’ अशा प्रत्येक शब्दात हे घडतं, आणि समुद्राकाठच्या विकीवर असे शब्द पानोपानी असतात. मागणीच्या पानावर ‘शोध चालत नाही’ एवढंच लिहिलं असतं तर कुणीतरी वजनदार विस्तार बसवून मोकळं झालं असतं. ‘हे शीर्षक या कळफलकाने लिहिलं तर सापडतं, त्या कळफलकाने लिहिलं तर नाही’ असं लिहिलं की खरं कारण हाती लागतं. मग शीर्षकात कुठलं रूप ठेवायचं ते ठरवायचं, दुसऱ्या रूपाकडून पुनर्निर्देशन करायचं (म्हणजे ते शोधणारा आपोआप मूळ पानावर पोचेल) आणि जुनी पानं सांगकाम्याकडून, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमकडून, एकसारखी करून घ्यायची.

जुनं साहित्य चढवतानाही असंच होतं. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांत टाइप केलेल्या गावच्या स्मरणिका तशाच डकवल्या तर नुसती चिन्हं उमटतात. ते रूपांतर विकीबाहेर करायचं काम आहे. तेव्हा त्याची नोंद मदतपानात हवी, सुधारणांच्या यादीत नको.

पायरी ३: सगळ्यात वरवरच्या थरावर सुटतं का ते बघा

मीडियाविकीत अडचण सोडवायचे चार थर आहेत: मजकूर आणि साचे, सेटिंगची फाइल, विस्तार आणि मूळ सॉफ्टवेअर. नेहमी पहिल्यापासून सुरुवात करा.

मुरुडचंच घ्या. रायगडातलं जंजिऱ्याजवळचं मुरुड वेगळं आणि दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं मुरुड वेगळं. दोन्हींची माहिती एकाच पानात मिसळू लागली तर निःसंदिग्धीकरणाचं, म्हणजे सारख्या नावांतून हवं ते निवडू देणारं, एक पान पुरतं. तसंच शार्कला कुठे मोरी म्हणतात, कुठे मुशी. एक पान आणि बाकी नावांकडून पुनर्निर्देशनं, एवढं केलं की झालं. मात्र मुख्य नाव कुठलं ठेवलं आणि का, हे चर्चापानावर लिहून ठेवा, नाहीतर दर सहा महिन्यांनी तोच वाद नव्याने उभा राहतो.

सेटिंगने सुटणारी एक अडचण मराठी विकींवर फार दिसते. वर्गातली पानं युनिकोडच्या क्रमाने लागली की ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि ‘क्ष’ने सुरू होणारी नावं ‘क’मध्ये शिरतात. आपल्या वर्णमालेत हे सगळे ‘ह’नंतर येतात. वर्गांचा क्रम लावण्याची पद्धत सेटिंगच्या फायलीतून बदलता येते. त्यानंतर जुनी क्रमवारी नव्याने लावणारी देखभालीची आज्ञा एकदा चालवावी लागते. ही दुसरी गोष्ट राहून गेली की ‘बदल केला, पण काहीच झालं नाही’ असं वाटतं.

विस्तार बसवण्याआधी त्याला शेवटचा हात कधी लागला ते तपासा. आणि मूळ सॉफ्टवेअरच्या फायलींना हात लावू नका. पुढच्या आवृत्तीबरोबर तुमची दुरुस्ती पुसली जाते. खरोखरच मूळ दोष असेल तर विकिमीडियाच्या फॅब्रिकेटरवर तो नोंदवा. मीडियाविकीचे दोष आणि सुधारणांच्या मागण्या तिथेच नोंदवल्या जातात. मराठी बटणांवरचा एखादा शब्द खटकत असेल तर तो ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या संकेतस्थळावर सुधारा, म्हणजे सगळ्याच मराठी विकींना त्याचा फायदा होईल.

पायरी ४: आता मदतपान लिहा

काम निवडलं, अजून केलेलं नाही. याच टप्प्यावर पान लिहायला बसा, जणू बदल झालेलाच आहे असं धरून. ‘फोटो चढवण्यासाठी डावीकडचं बटण दाबा. फोटो कुणी काढला ते लिहा. परवाना निवडा.’ इथे लिहिणारा अडखळतो: परवाना (फोटो इतरांनी कसा वापरावा याची अट) कुठला निवडायचा, हे मच्छीमार दादांना कसं कळणार? म्हणजे अर्जात आधीच निवडलेला परवाना हवा आणि त्याखाली एका ओळीत त्याचा अर्थ हवा. हे शहाणपण पान लिहिताना आलं, आणि अजून एकही ओळ बदललेली नाही. तयार झालेला अर्ज मोडून पुन्हा करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

मदतीची पानं एकाच साच्यातली नसावीत, कारण वाचणाऱ्याची गरज दर वेळी वेगळी असते. पहिल्यांदा येणाऱ्याला हाताला धरून एक पान पूर्ण करून घेणारा धडा हवा असतो. नेहमी लिहिणाऱ्याला ‘तक्ता कसा घालावा’ एवढंच हवं असतं, त्याला प्रस्तावना नको. साच्यांचे रकाने आणि त्यांत काय भरायचं याची कोरडी यादी वेगळी असावी. या तिन्ही गोष्टी एका लांबलचक पानात कोंबल्या की ते कुणीच वाचत नाही.

चौथ्या प्रकारच्या पानाकडे बहुतेक विकींचं दुर्लक्ष होतं: आपण असं का ठरवलं, याची नोंद. कोकणातल्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ, कुडोपी ही नावं त्यामुळे सर्वदूर पोचली. पण शेजारच्या सड्यावर, कुंपण नसलेल्या जागी एखादं नवं शिल्प सापडलं तर त्याचं नेमकं स्थान विकीच्या नकाशावर टाकायचं का? मला वाटतं, राखण होईपर्यंत टाकू नये. कासवांच्या घरट्यांबाबतही माझं हेच मत आहे. तुम्ही वेगळं ठरवाल. जे ठरवाल ते तारखेसकट, विरोधी मतासकट लिहून ठेवा. दोन वर्षांनी नवा कार्यकर्ता येऊन नकाशाचा विस्तार बसवेल, तेव्हा त्याला हे पान सापडलं पाहिजे.

सगळंच स्वतः लिहायची गरज नाही. मीडियाविकीच्या अधिकृत संकेतस्थळावरची ‘सहाय्य’ नामविश्वातली (म्हणजे नावाआधी ‘सहाय्य’ असलेली) पानं सार्वजनिक अधिकारात आहेत, कुणीही वापरावीत अशी. ती घ्या, मराठी करा, आपली उदाहरणं घाला. पडद्याची चित्रं मात्र तुमच्याच विकीची आणि मराठी बटणांचीच हवीत. पान लिहून झालं की पायरी १ मधल्याच माणसाला द्या आणि पुन्हा शेजारी गप्प बसा. ते जिथे अडतील ते वाक्य बदला.

पायरी ५: कोकणाचं पंचांग बघून तारखा घाला

एप्रिल-मे आंब्यात जातात, तेव्हा बागायतदारांकडून कशाची चाचणी करून घ्यायची अपेक्षा ठेवू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. जाळी विणता विणता बोलायला लोकांना सवड असते, तेव्हा मासळी आणि नौकांची पानं तपासून घ्यायला हा काळ उत्तम. गणपतीला चाकरमानी येतात. त्यांच्यात संगणकावर काम करणारे बरेच असतात, तेव्हा सॉफ्टवेअरची अडलेली कामं त्यांच्यासाठी नीट लिहून तयार ठेवा. पाच दिवसांच्या सुट्टीतला एक दुपारचा वेळ मिळाला तर समजावण्यात तो संपता कामा नये.

पावसाळ्यात मोठा बदल करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अर्धवट राहिलेला बदल आणि गेलेली लाइट यांतून विकी सावरणं कठीण असतं. मेअखेर पूर्ण प्रत काढा. पूर्ण प्रत म्हणजे डेटाबेस, चित्रांची फोल्डर आणि सेटिंगची फाइल, तिन्ही. नुसता डेटाबेस ठेवला तर फोटो गेले. प्रत किनाऱ्यापासून दूर, दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर ठेवा आणि तिच्यातून विकी खरोखर उभा राहतो का ते एकदा करून बघा.

आवृत्त्यांच्या बाबतीत दीर्घकाळ आधार असलेलीच निवडा. मीडियाविकीच्या नव्या आवृत्त्या वर्षाला साधारण दोन येतात, पण सुमारे तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती दोनेक वर्षांनी येते, १.४३ ही डिसेंबर २०२४ मधली आवृत्ती त्यांतलीच. लहान गटाने तेवढ्याच आवृत्त्यांचा माग धरावा.

पायरी ६: बदल करा

आधी चाचणीच्या प्रतीवर. मग खऱ्या विकीवर, प्रत काढून आणि संपादन थोडा वेळ बंद ठेवून. बंद आहे हे आदल्या दिवशी चावडीवर सांगा. बदल झाला की मदतपान खुलं करा, मागणीच्या पानावर त्याचा दुवा द्या आणि ज्यांनी मागितलं होतं त्यांना फोन करा.

पायरी ७: पानांना मालक आणि तारीख द्या

प्रत्येक मदतपानाच्या डोक्यावर ‘अमुक आवृत्तीवर, अमुक महिन्यात तपासलं’ अशी ओळ देणारा साचा लावा. तोच साचा पानाला एका वर्गातही घालेल, म्हणजे नवी आवृत्ती बसवल्यावर न तपासलेली पानं एका ठिकाणी दिसतील. ती दोघांतिघांत वाटून घ्या. प्रत्येक पानावर कोण लक्ष ठेवतंय ते चर्चापानावर लिहा, आणि ते माणूस मुंबईला किंवा बाहेर गेलं तर नाव त्याच आठवड्यात बदला.

शेवटचं पान विकीवर ठेवू नका, कागदावर ठेवा: सर्व्हर कुठे आहे, संकेतस्थळाच्या नावाचं नूतनीकरण कुठल्या महिन्यात असतं, पैसे कुठल्या खात्यातून जातात, प्रत कुठे ठेवली आहे. वेगवेगळ्या गावांतल्या दोन माणसांकडे हा कागद द्या, परवलीचे शब्द बंद पाकिटात वेगळे द्या, आणि दर नूतनीकरणाला त्यांच्यापैकी एकाकडूनच ते काम करून घ्या.