अपडेट मारलंत, आता चोरीवाली सेटिंग्ज पण चालू करा

माझ्या मामेभावाचा फोन गेल्या पावसाळ्यात लोकलच्या दारातून गेला. संध्याकाळची कल्याण स्लो, हा दारात उभा, हातात फोन, बायकोला मेसेज टाईप करतोय, दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी जरा हळू झाली आणि खालून काठीचा फटका बसला हातावर. मनगट सुजलं ते वेगळंच, पण फोन खाली पडला तो उघडा पडला, म्हणजे लॉक न झालेला, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. घरी पोचेपर्यंत त्याच्या जीमेलचा पासवर्ड बदललेला होता. यूपीआयचा पिन वेगळा असतो म्हणून पैसे वाचले, पण मेल गेला, फोटो गेले, त्या फोटोंमध्ये आधारचा फोटो, डेबिट कार्डाचा फोटो, सगळंच.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही की त्या फोनवर दोनच महिन्यांपूर्वी मोठं अपडेट आलं होतं आणि चोरीपासून वाचवणारी बरीचशी सोयही फोनमध्ये आलेली होती, फक्त चालू केलेली नव्हती. आपण अपडेट मारतो, नवीन वॉलपेपर बघतो, आयकॉन गोल झालेत का चौकोनी ते बघतो आणि सोडून देतो. म्हणून हे लिहितेय. अर्धा तास काढा, आधी स्वतःच्या फोनवर करा आणि मग आईवडिलांच्या.

आधी व्हर्जन बघून घ्या. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, तिथे अँड्रॉईड व्हर्जन लिहिलेलं असतं. १० किंवा त्याच्या वरचं असेल तर खालचं बरंचसं तुम्हाला मिळतं. अँड्रॉईड १० हे २०१९ चं, म्हणजे पाच सहा वर्षं जुना फोन असला तरी चालतंय. कारण ही चोरीवाली सोय गूगलने २०२४ मध्ये आणली ती फोनच्या मोठ्या अपडेटमधून नाही तर गूगल प्ले सर्व्हिसेसमधून, जी मागच्या मागे आपोआप अपडेट होत असते. त्यामुळे "माझ्या फोनला आता अपडेट येत नाही" म्हणून हे वाचणं सोडू नका. ज्यांना मोठं अपडेट आलंय पण अजून टाकलं नाही त्यांनी टाकून घ्या, आधी फोटोंचा बॅकअप, चार्जिंग निम्म्याच्या वर, घरचं वायफाय, एवढं बघा.

आता रस्ता. सेटिंग्ज उघडा, खाली गूगल, त्यात ऑल सर्व्हिसेस, मग पर्सनल अँड डिव्हाइस सेफ्टी आणि त्यात थेफ्ट प्रोटेक्शन. कंपनीप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे असतं, नाही सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये थेफ्ट टाईप करा, येतं.

पहिलं बटण थेफ्ट डिटेक्शन लॉक. फोनमधले सेन्सर हालचाल ओळखतात, म्हणजे हातातून हिसका बसला आणि लगेच कोणी पळत सुटलं किंवा बाईकवरून गेलं तर स्क्रीन स्वतःहून लॉक होते. चालू करा, विचार करू नका. कधी तुम्हीच बस पकडायला धावलात आणि लॉक झाला तर बोट लावून उघडायचा, नुकसान काही नाही. टॅबवर हे शोधत बसू नका, ते फोनसाठीच आहे.

पण एक खरं सांगते, हे हिसकावण्यासाठी बनवलेलं आहे. लोकलमधल्या फटक्यात फोन रुळाशेजारी पडतो, काही सेकंद तसाच पडून असतो आणि मग कोणीतरी उचलतो, तिथे हे ओळखेलच असं धरून चालू नका. तिथे कामाला येतं ते आपलं जुनंच सेटिंग, स्क्रीन टाईमआउट. डिस्प्लेमध्ये जाऊन ३० सेकंद करा. माझ्या मामेभावाने ते १० मिनिटं ठेवलं होतं, रेसिपी बघताना स्क्रीन बंद होते म्हणून. रेसिपी बघताना दर वेळी बोट लावा, चालेल, पण १० मिनिटं नको.

दुसरं बटण ऑफलाईन डिव्हाइस लॉक. चोर पहिलं काम काय करतो तर नेट बंद, म्हणजे तुम्हाला फोन शोधता येऊ नये. हे चालू असेल तर फोन चालू वापरात असताना नेट गेलं आणि काही वेळ आलंच नाही की स्क्रीन लॉक होते. सॅमसंगवाल्यांनी अजून एक करा, लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये सिक्युअर लॉक सेटिंग्ज, त्यात लॉक नेटवर्क अँड सिक्युरिटी, ते चालू केलं की लॉक असलेल्या फोनचं नेट वरून पट्टी ओढून बंद करता येत नाही. ही फार छोटी आणि फार उपयोगाची गोष्ट आहे.

तिसरं रिमोट लॉक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. कारण बघा, फोन गेला की आपण दुसऱ्याच्या फोनवरून गूगलमध्ये लॉगिन करायला जातो, तर एकतर पासवर्ड आठवत नाही आणि आठवला तर ओटीपी येतो कुठे, त्याच चोरीला गेलेल्या फोनवर. मामेभावाचं अगदी हेच झालं, स्टेशनवरच्या एका मुलाने स्वतःचा फोन दिला बिचाऱ्याने, पण हा लॉगिनच करू शकला नाही. रिमोट लॉकला पासवर्ड लागत नाही. कोणाच्याही फोनवर ब्राऊझर उघडायचा, अँड्रॉईड डॉट कॉम स्लॅश लॉक या पत्त्यावर जायचं, आपला मोबाईल नंबर टाकायचा, ते मी रोबो नाही वगैरे करायचं आणि लॉक दाबायचं. फोन ऑनलाईन असेल तर स्क्रीन लॉक. पण हे आधी चालू करून ठेवलेलं पाहिजे आणि चालू करताना नंबर व्हेरिफाय होतो तो पूर्ण होऊ द्या, तेव्हा सिम त्याच फोनमध्ये असू दे.

करून ठेवल्यावर एकदा खरंच तपासून बघा. मी आईच्या फोनवर केलं, तिचा फोन ओट्यावर कुकरच्या शेजारी, त्यावर कीर्तन चालू, आणि मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर तिचा नंबर टाकला. थोड्या वेळात आतून आवाज, "अगं बंद कसा पडला हा?" मी आत गेले तर स्क्रीनवर लॉक आलेलं, तिने पिन टाकला आणि उघडला. मग तिला समजावलं की बाजारात फोन गेला तर घाबरायचं नाही, शेजारच्या काकूंच्या फोनवरून मला फोन लाव, मी इथून बंद करते. माझा नंबर तिला पाठ नव्हता हेही तेव्हाच कळलं. आता कालनिर्णयच्या मागे मोठ्या अक्षरात माझा नंबर आणि तो लॉकचा पत्ता लिहिलाय, आणि एक चिठ्ठी तिच्या पर्समध्ये.

थेफ्ट प्रोटेक्शनच्या पानावर फाइंड हब दिसेल, म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, आधी फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे त्याला, २०२५ मध्ये नाव बदललं. ते चालू आहे ना बघा. आणि गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन टू स्टेप व्हेरिफिकेशनच्या खाली बॅकअप कोड असतात, ८ आकड्यांचे १० कोड मिळतात, ते वहीत लिहून कपाटात ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवायचे नाहीत, फोन गेला की तेही गेले. ओटीपीशिवाय लॉगिन करायला हेच कामाला येतात.

ज्यांच्याकडे अँड्रॉईड १५ किंवा १६ आहे त्यांच्यासाठी अजून एक, आयडेंटिटी चेक. पिक्सेल आणि सॅमसंगच्या फोनवर हे २०२५ च्या सुरुवातीला यायला लागलं. गर्दीत कोणी खांद्यावरून तुमचा पिन बघितला आणि मग फोन उचलला, तर पिन असूनही त्याला गूगल अकाउंटची महत्त्वाची सेटिंग्ज किंवा फोनचा पिन बदलता येत नाही, तुमचं बोट किंवा चेहरा लागतोच. घर ऑफिस अशा ठरवलेल्या जागी हे शांत असतं, बाहेर पडलात की कडक. मामेभावाच्या जुन्या फोनला हे मिळालंच नसतं, पण तुमच्याकडे असेल तर नक्की करा. थेफ्ट प्रोटेक्शनच्याच पानावर असतं.

अँड्रॉईड १५ मध्येच प्रायव्हेट स्पेस आलं. सिक्युरिटी अँड प्रायव्हसीमध्ये जाऊन तयार करायचं, मग ॲपच्या यादीच्या अगदी तळाला एक वेगळा कप्पा होतो, त्याला वेगळं लॉक, वेगळं गूगल अकाउंटही लावता येतं. सॅमसंगवर यासाठी आधीपासून सिक्युअर फोल्डर आहे. शेअरचं ॲप, डिजिलॉकर, फारशी न वापरलेली दुसरी बँक, असलं तिथे टाका. रोजचं व्हॉट्सॲप टाकू नका, कारण कप्पा लॉक असताना आतली ॲप थांबलेली असतात, नोटिफिकेशन येतच नाही. आणि नवीन फोन घेतला की त्या कप्प्यातलं आपोआप तिकडे जात नाही, हे आधी लक्षात ठेवा मग टाका.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात. आयओएस १७.३, जानेवारी २०२४ चं, त्यात स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन आलं. सेटिंग्ज, फेस आयडी अँड पासकोड, खाली स्क्रोल केलं की दिसतं. चालू केलं की नेहमीच्या जागांपासून लांब असताना सेव्ह केलेले पासवर्ड बघायला फेस आयडीच लागतो, पासकोड चालत नाही, आणि ॲपल अकाउंटचा पासवर्ड बदलायचा असेल तर फेस आयडी, मग एक तास थांबा, मग परत फेस आयडी. तो एक तास म्हणजे तुम्हाला फोन लॉस्ट मोडमध्ये टाकायला, म्हणजे लांबूनच लॉक करायला मिळालेला वेळ. फोन विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल तर हे घरी बसून बंद करा, दुकानात उभं राहून करायला गेलात तर तासभर थांबाल. आयपॅडवर हे नाही, पण आयपॅडओएस १८ पासून एखादं ॲप दाबून धरलं की लॉक करायचा पर्याय येतो, घरात पोरं आयपॅड खेळत असतील तर मेल आणि फोटो असे लॉक करून ठेवा. आयफोनवर आयओएस १८ मध्येही ते आहेच.

आता एपीके, कारण फोन चोराच्या हातात न जाताही चोरी होते. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून, वाहनाचं चलान म्हणून, गॅस बिल म्हणून फाईल येते, नावाच्या शेवटी डॉट एपीके, दाबली की ॲप इन्स्टॉल होतं आणि तुमचे मेसेज, ओटीपी सगळं तिकडे. आईला अशी पत्रिका आली होती, आमच्याच नात्यातल्या एकाच्या नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच गेला होता त्या जाळ्यात. तिने नाव वाचलं, म्हणाली याच्याकडे तर लग्नाचं कोणी नाही, म्हणून वाचलो. पत्रिका पीडीएफ असते किंवा फोटो असतो, ॲप कधीच नसते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. अँड्रॉईड १६ मध्ये अनोळखी नंबरशी कॉल चालू असताना अॅक्सेसिबिलिटीची परवानगी, म्हणजे ॲपला तुमची स्क्रीन वाचू आणि चालवू द्यायची परवानगी, देता येत नाही अशी सोय केलीय, कारण फसवणारे कॉलवर ठेवूनच "आता हे दाबा, आता ते दाबा" करतात. पण त्याची वाट बघू नका, आजच सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल अननोन ॲप्स शोधा आणि तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स सगळ्यांची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या फोटोवर दाबून प्ले प्रोटेक्ट, म्हणजे वाईट ॲप शोधणारी गूगलची तपासणी, चालू आहे का बघा.

आणि एवढं करूनही फोन गेलाच तर क्रम असा ठेवा. आधी रिमोट लॉक, जो भेटेल त्याच्या फोनवरून, तिथेच उभं राहून. मग सिम कंपनीला फोन करून सिम बंद, मग बँकेला. पैसे गेलेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, लगेच फोन करा, उशीर केलात तर पैसे पुढे पुढे सरकत जातात. मग पोलीस तक्रार, ट्रेनमध्ये गेला असेल तर रेल्वे पोलीस, आणि तक्रारीची प्रत घ्याच. ती प्रत आणि त्याच नंबरचं नवीन सिम हातात आलं की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर सीईआयआरमध्ये, म्हणजे चोरीचे फोन बंद करायच्या सोयीत, फोन ब्लॉक करायचा, हे २०२३ पासून सगळ्या देशात चालू आहे, एकदा ब्लॉक झाला की त्या फोनमध्ये भारतातलं कुठलंच सिम चालत नाही. आधी सिम ब्लॉक मग लॉक असं करू नका, सिम बंद झालं आणि फोन वायफायवर नसेल तर रिमोट लॉक त्याच्यापर्यंत पोचणार कसं.

ब्लॉक करताना आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, लागतो आणि तो तेव्हा कोणाकडेच नसतो. आत्ताच डायल पॅडवर *#०६# दाबा, १५ आकडी नंबर येईल, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतील, दोन्ही लिहा, बॅकअप कोडच्या त्याच वहीत, शेजारी फोनचं बिलही चिकटवून टाका. मामेभावाने बॉक्स रद्दीत दिला होता, बिल सापडेना, शेवटी जुन्या मेलमध्ये ते मिळालं, तेही मेल परत मिळवल्यावर, आठ दिवसांनी. फोन नशिबाने सापडलाच तर त्याच पोर्टलवर जाऊन अनब्लॉक करता येतो, त्यासाठी ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी लागतो, तोही वहीतच लिहा.