आरे-वारेच्या वळणांवर चालक-सहाय्य प्रणालीची चाचणी कशी घ्यावी

चालक-सहाय्य प्रणाली, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून बोलताना ‘एडास’, गाडी विकताना बहुधा रुंद, सरळ रस्त्यावर चालवून दाखवली जाते. कोकणातील माणसाची गाडी मात्र महामार्ग सोडून खाडीकडे उतरते, आणि तेथे ती प्रणाली कशी वागते हे त्याने स्वतः, अतिशय सावधपणे पाहून घ्यायला हवे. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा सहा पातळ्या ठरवल्या आहेत. आपण ज्या सोयीबद्दल बोलत आहोत ती पातळी २ ची आहे: गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळते, परंतु रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी चालकाचीच राहते. म्हणून गाडी कोठे हात टेकते आणि ते आपल्याला किती आधी कळवते, एवढेच या चाचणीत शोधायचे आहे.

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता यासाठी मला योग्य वाटतो, कारण सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, मोकळा भाग, समुद्राकडे उतरणारी वळणे आणि वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता हे तिन्ही तेथे थोड्या अंतरात मिळतात. पावसाळा, शिमगा, गणपतीचे दिवस आणि शनिवार-रविवार टाळावेत. निघण्यापूर्वी काचेवरचा खारा थर ओल्या फडक्याने पुसावा, कारण कॅमेरा त्याच काचेतून पाहतो. पुढच्या बाजूचा रडार असलेला भागही लाल धुळीपासून स्वच्छ ठेवावा. मार्गिका राखण्याची, म्हणजे गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या आत ठेवण्याची, सोय किती वेगाला सुरू होते, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. तो वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असेल, तर वळणांवर ती सोय बहुतेक बंदच राहील, आणि ती चालू व्हावी म्हणून वेग वाढवण्याचा मोह कोणीही करू नये. नोंदी शेजारी बसलेल्या माणसाने कराव्यात.

पहिली फेरी सर्व सोयी बंद ठेवून करावी आणि पांढरे पट्टे कोठे पुसले आहेत, साइडपट्टी कोठे खचली आहे, जांभ्याचा गडगा कोठे रस्त्याला चिकटून आहे, हे टिपून घ्यावे. दुसऱ्या फेरीत सड्यावर, दूरवर कोणी नसताना, सोय सुरू करावी. हात स्टिअरिंगवरच, पण सैल ठेवावेत, म्हणजे गाडी कोणत्या बाजूला ओढते ते तळव्यांना जाणवते. पट्टे नाहीसे झाल्यावर काही गाड्या आवाज करून सांगतात, तर काही पडद्यावरचे छोटे चिन्ह नुसते फिके करतात. हा दुसरा प्रकार मला फार धोक्याचा वाटतो, कारण ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते आणि दोन सेकंद ते चिन्ह लक्षात आले नाही, तर ३३ मीटर रस्ता कोणीही न वळवता संपलेला असतो.

उतारावरच्या वळणांवर मार्गिका राखण्याची सोय बंद करून केवळ पुढच्या वाहनामागे अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल तपासावा, तोही ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक वेग न ठरवता आणि पाय ब्रेकजवळ ठेवून. मी एसटीच्या मागे असताना बस वळणाआड गेली, रडारच्या टप्प्यातून सुटली, आणि रस्ता मोकळा झाला असे समजून माझी गाडी वळणाच्या तोंडाशीच ठरवलेल्या वेगाकडे धावू लागली. मी लगेच ब्रेक दाबला. असे प्रत्येक वळण खुणेसह लिहून ठेवावे.

गणपतीपुळ्याकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेकडे वळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी सूर्य थेट कॅमेऱ्यात येतो; ही तपासणी सकाळच्या फेरीशी ताडून पाहावी. आपोआप लागणाऱ्या ब्रेकची परीक्षा मात्र गुरे, माणसे किंवा उभ्या वाहनांसमोर कधीही घेऊ नये. वाडी सुरू होताच सगळे बंद करून गाडी स्वतः चालवावी.

परतीच्या फेरीच्या नोंदी वेगळ्या पानावर कराव्यात, कारण तीच वळणे उलट बाजूने गाडीला निराळी दिसतात. ही वही गाडीतच ठेवावी, आणि घरातील दुसरे कोणी त्या रस्त्याने निघण्यापूर्वी त्याला ती वाचायला द्यावी.