अध्ययन-अक्षमता आणि आनुवंशिकता : टक्केवारी कशी वाचावी

‘वाचनक्षमता ६० टक्के आनुवंशिक असते’ असे विधान वाचनात आले, की ते कोणाविषयी केलेले आहे हे आधी पाहावे. ही टक्केवारी एखाद्या समूहातील मुलामुलांमध्ये दिसणाऱ्या फरकांपैकी किती वाटा जनुकीय फरकांशी निगडित आहे एवढेच सांगते. आपल्या मुलाच्या वाचनातील किती भाग आईवडिलांकडून आला, हे तिच्यावरून मुळीच ठरवता येत नाही.

हा आकडा मिळतो कसा, हे एकदा स्वतः करून पाहावे. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांमध्ये, माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी समान असतात. वाचनाच्या गुणांचा सहसंबंध, म्हणजे जोडीतील दोघांचे गुण एकमेकांशी किती जुळतात हे दाखवणारा आकडा, पहिल्या गटात ०.८ आणि दुसऱ्या गटात ०.५ आला, तर त्यांतील ०.३ या फरकाची दुप्पट, म्हणजे ०.६, हा आनुवंशिकतेचा ढोबळ अंदाज होय. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना सारखेच वातावरण मिळते, हे या गणिताचे गृहीतक आहे. शिवाय सर्व मुलांना एकसारखे चांगले शिक्षण मिळाले, तर वातावरणातील फरक घटतात आणि हाच आकडा वाढतो. त्यामुळे मोठी टक्केवारी पाहून शिकवणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे ही गंभीर चूक ठरते. फिनाइलकीटोनुरिया हा आजार जनुकीय असूनही जन्मानंतर लगेच आहार बदलल्यास बौद्धिक हानी टळते, हे येथे आवर्जून लक्षात ठेवावे.

‘वाचनाचे जनुक सापडले’ अशा मथळ्यावर विश्वास ठेवू नये. डिस्लेक्सिया (वाचन आणि शब्दलेखन शिकण्यातील अडचण) असलेल्या ५० हजारांहून अधिक प्रौढांच्या २०२२ मधील अभ्यासात जनुकसंचातील ४२ स्थाने आढळली आणि त्यांतील प्रत्येकाचा परिणाम अगदी अल्प होता. वाचन, भाषा आणि गणित यांवरील जनुकीय प्रभाव बऱ्याच अंशी सामाईक असतात. म्हणून वाचनात अडखळणाऱ्या मुलाचे गणितही तपासून घ्यावे.

लाळेच्या जनुकीय चाचणीवरून एकट्या मुलाचे भवितव्य सांगता येत नाही, त्यापेक्षा कुटुंबाचा इतिहास कितीतरी उपयुक्त असतो. आईवडिलांपैकी एकाला डिस्लेक्सिया असल्यास मुलालाही ती अडचण येण्याची शक्यता बरीच वाढते. अशा घरातील मूल यमक ओळखते का, शब्दातील पहिला आवाज वेगळा काढते का, हे शाळेत जाण्यापूर्वीच पाहावे आणि अडचण दिसल्यास निदानाची वाट न पाहता अक्षर आणि उच्चार यांची जोडणी पायरीपायरीने शिकवण्यास सुरुवात करावी.