बी आणि डी मेसॉनच्या क्षयावर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जड क्वार्कच्या मेसॉनचे (क्वार्क आणि अँटीक्वार्कच्या जोडीचे कण; बीमध्ये बॉटम क्वार्क, डीमध्ये चार्म) क्षय, म्हणजे त्यांचं हलक्या कणांत तुटणं, निवडणारी मुलं भेटली की मला मनापासून आनंद होतो. या विषयाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. वही, साधा लॅपटॉप आणि पार्टिकल डेटा ग्रुपच्या (कणांचे मोजलेले आकडे एकत्र करणाऱ्या गटाच्या) तक्त्यांची पीडीएफ एवढ्यावर काम सुरू होतं. (पीडीएफ मे महिन्यातच उतरवून ठेवा. पाऊस लागला की लाईट आणि नेट, दोन्हींचा भरवसा नसतो.) गाडी अडते ती भलतीकडेच. सूत्र एका पेपरातलं, आकडा दुसऱ्यातला आणि दोघांच्या व्याख्या वेगळ्या. मग गणित चोख असूनही उत्तर चुकतं.

यावर माझा ठाम आग्रह एकच: नवीन काही काढायच्या आधी त्याच कोडमधून एक माहीत असलेलं उत्तर काढून बघा.

उत्तर बरोब्बर निम्मं किंवा दुप्पट येतंय?

तपासायला सगळ्यात चांगला क्षय म्हणजे बी-प्लस ते टाऊ (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि न्यूट्रिनो. त्याच्या विड्थचं, म्हणजे क्षयाच्या वेगाचं, सूत्र असं. फर्मी स्थिरांकाचा (दुर्बल बलाची ताकद सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग भागिले ८ पाय (हा वर्तुळातला पाय). त्याला एफबीचा (बीच्या क्षय-स्थिरांकाचा) वर्ग, टाऊच्या वस्तुमानाचा वर्ग, बीचं वस्तुमान आणि व्हीयूबीचा (बॉटम क्वार्क अप होण्याची ताकद सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग यांनी गुणा. शेवटी टाऊ आणि बी यांच्या वस्तुमानांच्या वर्गांचं गुणोत्तर १ मधून वजा करून जे उरतं त्याच्या वर्गानेही गुणा. एफबी ०.१९० जीईव्ही, व्हीयूबी ०.००३८ आणि बी-प्लसचं आयुर्मान १.६४ पिकोसेकंद घेऊन विड्थला आयुर्मानाने गुणलं, तर दहा हजारांत साधारण ०.९ क्षय असे निघतात. प्रयोगातला आकडा दहा हजारांत १.१ च्या आसपास आहे आणि त्याची त्रुटी लक्षात घेता दोन्ही जुळतात.

तुमचं उत्तर याच्या निम्मं आलं, तर एफबीची व्याख्या बघा. काही लेखक त्यातून २ चं वर्गमूळ बाहेर काढतात, मग तोच स्थिरांक १९० एमईव्ही (म्हणजे ०.१९० जीईव्ही) ऐवजी १३४ एमईव्ही दिसतो. पायऑनचंही (सर्वात हलक्या मेसॉनचंही) तसंच, कुठे १३० तर कुठे ९२. दोन्ही व्याख्या बरोबर आहेत, पण सूत्र आणि आकडा एकाच घरचे हवेत.

दुपटीचा घोळ आणखी एका ठिकाणी होतो. न्यूट्रल पायऑनमध्ये अप आणि डाऊन क्वार्कची जोडी अर्धी-अर्धी असते. त्यामुळे बी-प्लस ते न्यूट्रल पायऑन, लेप्टॉन (इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑनसारखा कण) आणि न्यूट्रिनो या क्षयाची विड्थ बी-झिरो ते चार्ज्ड पायऑनच्या निम्मी असते. हा २ विसरणारे पुष्कळ.

विड्थ आणि ब्रँचिंग फ्रॅक्शन यांची गल्लत

विड्थ म्हणजे क्षयाचा वेग, ब्रँचिंग फ्रॅक्शन म्हणजे एकूण क्षयांत त्या क्षयाचा वाटा. बीमध्ये ही चूक झाकली जाते, कारण बी-प्लस आणि बी-झिरोची आयुर्मानं जवळजवळ सारखी आहेत. डीमध्ये ती लगेच उघडी पडते. डी-प्लस १.०३ पिकोसेकंद जगतो, डी-झिरो ०.४१. डी-झिरो ते केऑन-इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो सुमारे ३.५ टक्के, तर डी-प्लसचा तोच क्षय सुमारे ८.७ टक्के. आकडे बघून सिद्धांतच मोडला असं वाटतं. पण दोन्ही आपापल्या आयुर्मानाने भागा, विड्थ जवळपास एकच येते. हा भागाकार स्वतः करून बघाच, आयसोस्पिन (अप आणि डाऊन क्वार्क जवळपास सारखे वागतात ही सममिती) त्यातून जितकी कळते तितकी पानभर वाचूनही कळत नाही.

बी क्वार्कचं वस्तुमान कुठलं घेतलं?

सर्वात महाग पडणारी चूक ही. इनक्लुझिव्ह (शेवटी कोणते कण बनले ते न बघता सगळे धरलेल्या) क्षयाची विड्थ बी क्वार्कच्या वस्तुमानाच्या पाचव्या घाताप्रमाणे वाढते. एमएस-बार या एका हिशेबपद्धतीत ते वस्तुमान ४.१८ जीईव्ही, पोल मास या दुसऱ्या पद्धतीत सुमारे ४.७८. फरक दिसायला थोडा, पण पाचवा घात घेतला की उत्तर जवळजवळ दुप्पट होतं.

क्वार्क मोकळा सापडत नाही, त्याच्याभोवती ग्लुऑनचं क्षेत्र असतंच. त्यातलं किती त्याच्या वस्तुमानात धरायचं हे आपण ठरवतो, जशी हापूसची पेटी पेंढ्यासकट तोलायची की पेंढा काढून. एका पद्धतीचं वजन आणि दुसऱ्या पद्धतीची क्यूसीडी (क्वार्क-ग्लुऑनच्या बलाचा सिद्धांत) दुरुस्ती एकत्र आली की हिशेब गेला. पोल मासमध्ये तर ही दुरुस्तीची मालिकाच नीट आटोक्यात येत नाही. म्हणून या कामात कायनेटिक किंवा १एस मास या पद्धती वापरतात. प्रोजेक्टमध्ये वस्तुमानाशेजारी पद्धतीचं नाव लिहिलं नसेल, तर तो आकडा अर्धवट समजा.

फॉर्म फॅक्टर

फॉर्म फॅक्टर म्हणजे मेसॉनच्या आतल्या रचनेचा परिणाम सांगणारं फंक्शन. ते क्यू-स्क्वेअरवर, म्हणजे लेप्टॉन-न्यूट्रिनो जोडीने नेलेल्या ऊर्जा-संवेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. बी ते डी क्षयात क्यू-स्क्वेअर शून्यापासून ११.७ जीईव्ही-वर्गापर्यंत जातो, बी ते पायऑनमध्ये २६.४ पर्यंत. जड क्वार्कच्या मर्यादेत इसगुर-वाइज फंक्शनची (सगळ्या फॉर्म फॅक्टरांना जोडणाऱ्या एकाच फंक्शनची) किंमत १ असते ती डी जागच्या जागी राहतो तिथे, म्हणजे क्यू-स्क्वेअर सर्वात मोठा असताना. मुलं हमखास ती शून्याजवळ धरतात आणि सगळा आलेख उलटा पडतो.

टाऊ असेल तर इंटिग्रेशन टाऊच्या वस्तुमानाच्या वर्गापासून, म्हणजे ३.१६ पासून सुरू करा, आणि स्केलर फॉर्म फॅक्टर गाळू नका. तो लेप्टॉनच्या वस्तुमानाच्या वर्गाने गुणलेला असतो. इलेक्ट्रॉनला गाळलेला चालतो, टाऊला नाही. टाऊच्या आणि हलक्या लेप्टॉनच्या क्षयांचं गुणोत्तर, म्हणजे आर-डी, स्टँडर्ड मॉडेलमध्ये (कणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात) ०.३० च्या जवळ यायला हवं. बरंच कमी आलं तर आधी इथेच शोधा. शिवाय क्यू-स्क्वेअर शून्य असताना व्हेक्टर आणि स्केलर दोन्ही फॉर्म फॅक्टर एकाच किमतीला भेटलेच पाहिजेत.

वक्राचा आकार कुठल्या पद्धतीने बसवला तेही नोंदवा. जपानमधल्या बेल प्रयोगात आपल्या मुंबईची टीआयएफआरही (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) आहे. त्याच प्रयोगाच्या बी ते डी-स्टारच्या (डीच्या जास्त ऊर्जेच्या रूपाच्या) आकड्यांवर २०१७ मध्ये सीएलएन आणि बीजीएल असे दोन आकार लावले गेले, तेव्हा व्हीसीबी (बॉटम क्वार्क चार्म होण्याची ताकद सांगणारा आकडा) वेगवेगळा निघाला होता.

विड्थ बरोबर, असिमेट्री उलटी

हे जवळजवळ नेहमी एप्सिलॉन टेन्सरच्या (निर्देशांकांची अदलाबदल केली की चिन्ह बदलणाऱ्या राशीच्या) चिन्हामुळे होतं. एका पुस्तकात +१, दुसऱ्यात −१. एकूण विड्थमध्ये व्हेक्टर आणि अॅक्सियल भागांचे वर्गच उरतात, म्हणून चूक दिसत नाही. फॉरवर्ड-बॅकवर्ड असिमेट्रीत (पुढे आणि मागे जाणाऱ्या लेप्टॉनांच्या संख्येतल्या फरकात) मात्र दोघांचा गुणाकार येतो आणि चिन्ह पालटतं. ट्रेस काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं चिन्ह आणि तुमच्या फॉर्म फॅक्टरच्या व्याख्येतलं चिन्ह शेजारी-शेजारी लिहून पडताळा.

प्रस्तावनेतली जुनी बातमी

आर-केमध्ये (बी ते केऑन क्षयातल्या म्यूऑन-जोडी आणि इलेक्ट्रॉन-जोडी यांच्या गुणोत्तरात) लेप्टॉनभेद दिसल्याचा सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाचा निकाल २०२१ चा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाच्या नव्या विश्लेषणात आकडा स्टँडर्ड मॉडेलशी जुळला. तरी अजून प्रोजेक्टांच्या पहिल्या पानावर तो ‘नव्या भौतिकीचा पुरावा’ म्हणून येतो, आणि व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच पडतो. आर-डी आणि आर-डी-स्टारचं (डी-स्टारसाठीच्या तशाच गुणोत्तराचं) कोडं वेगळं आहे, २०१२ मध्ये बाबर प्रयोगाने दाखवलेली तफावत अजून पुरती मिटलेली नाही. दोन्ही एकाच वाक्यात गोवू नका.